डिसोसिएशनचे कमी ओळखीचे आजार: बेळगाव भागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातून मला सतत जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही; गोळ्या लिहून देत नाही. बहुतेक निरोप रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर येतात आणि सुरुवात ठरलेली असते: 'मॅडम, कुणाला सांगू नका.' म्हणून गावं, नाती, वयं बदलली आहेत. प्रश्न मात्र शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत आहेत. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डिसोसिएशन म्हणजे काय? पुस्तकी नको, सोपं सांगा.

खानापूरहून बसने निघालात, डोक्यात घरचं भांडण घोळतंय, आणि एकदम बघता तर बेळगावचं तिसरं रेल्वे गेट आलेलं. मच्छे कधी गेलं, पिरनवाडी कधी गेली, पत्ता नाही. तिकीट काढलंत, म्हाताऱ्या बाईला जागा दिलीत, सगळं रीतसर केलंत, आणि तरी तुम्ही तिथे नव्हतात. हे साधं, रोजचं डिसोसिएशन. त्याला औषध लागत नाही.

आठवण, भान, 'मी कोण' ही जाणीव आणि अंगावरचा ताबा या गोष्टी एरवी एकमेकींना धरून चालतात. त्यांतली एखादी सुटून बाजूला पडते. हे आपल्या इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा होऊ लागलं आणि त्यापायी शिक्षण, कामधंदा, संसार अडू लागला, की त्याला आजार म्हणायचं. मराठी पुस्तकांत 'वियोजन', 'विच्छेदन' असे शब्द भेटतात, पण दवाखान्यात ते बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. म्हणून इथे डिसोसिएशनच.

२. म्हणजे सिनेमात दाखवतात तसं, एका अंगात दोन माणसं?

तो या आजारांच्या कुटुंबातला एक सदस्य, आणि आपल्याकडे त्याचं निदान फार क्वचित होतं. बाकीचे जास्त भेटतात, पण नावाने कुणाला माहीत नसतात: स्वतःपासून किंवा जगापासून तुटल्यासारखं वाटणं, स्वतःच्याच आयुष्यातला एखादा तुकडा विसरणं, घर सोडून भटकणं, तंद्री लागणं, अंगात येणं, आणि मेंदूत बिघाड नसताना फिट येणं, हात-पाय लुळे पडणं किंवा वाचा जाणं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिने हे सगळे एकाच प्रकरणात ठेवले आहेत. अमेरिकन डॉक्टरांच्या २०१३ च्या यादीत मात्र फिट आणि लुळेपणा वेगळ्या प्रकरणात आहे. दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली, तर त्यातला एक चुकलाच असं धरू नका.

३. मी स्वतःलाच लांबून बघतोय असं वाटतं. हात माझाच, पण दुसरंच कुणी हलवतंय. मला वेड लागतंय का?

नाही. आणि हा प्रश्न तुम्ही विचारताय, हेच निदानात महत्त्वाचं आहे. याचं नाव डिपर्सनलायझेशन. जग खोटं, सपाट, काचेपलीकडचं वाटतं त्याला डीरिअलायझेशन म्हणतात. दोन्ही बहुधा जोडीने येतात. यात माणसाचं वास्तवाचं भान शाबूत असतं. तो 'जणू काही' म्हणतो: जणू मी रोबो आहे, जणू आई आईसारखी दिसते पण आई वाटत नाही. भ्रम झालेला माणूस 'जणू' म्हणत नाही. ही बाई माझी आई नव्हेच, असं तो ठासून सांगतो. या एका 'जणू'साठी डॉक्टर तुम्हाला पुन्हा पुन्हा तेच विचारतात.

एक मुलगा माझ्याकडे आला तो दोन चष्मे घेऊन. इंजिनिअरिंगला होता. बाहेरचं सगळं चित्रासारखं सपाट दिसतं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, नंबर निघाला, चष्मा केला. फरक नाही म्हणून दुसरीकडे जाऊन दुसरा केला. दोन्ही चष्मे टेबलावर ठेवून म्हणाला, ''मॅडम, अक्षरं दिसतात हो. खरी वाटत नाहीत.'' परीक्षेच्या दिवसांत झोप पार उडाली होती, एकदा छातीत धडधडून पॅनिक अटॅक आला होता, आणि हे सगळं त्यानंतर सुरू झालं होतं. पुष्कळांची गोष्ट अशीच असते. काहींच्या बाबतीत गांजाच्या एका झुरक्यानंतर सुरू होतं, आणि ते घरी सांगता येत नाही म्हणून डॉक्टरलाही सांगितलं जात नाही. सांगा. डॉक्टर पोलीस नव्हे.

असा क्षणभराचा अनुभव साधारण निम्म्या माणसांना आयुष्यात एकदा तरी येतो. टिकून राहणारा आजार शंभरातल्या एखाद-दोघांना होतो. सुरुवात बहुधा पंधरा-सोळाच्या आसपास. चाळिशीनंतर पहिल्यांदाच असं होऊ लागलं, तर मानसिक म्हणून सोडून देऊ नका. आधी फिट, मेंदू, थायरॉइड यांची तपासणी करून घ्या.

४. आमचे काका कामावर म्हणून गेले आणि चार दिवसांनी मिरज स्टेशनवर सापडले. मधलं काही आठवत नाही म्हणतात. खरं असेल?

असू शकतं. याला फ्यूग म्हणतात, म्हणजे भान हरपून केलेलं पलायन. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या आल्बेर दादा नावाच्या एका कामगाराची हकीकत फिलिप तिसिए या डॉक्टरने १८८७ साली मांडली, तेव्हापासून हा प्रकार वैद्यकात गाजला. हा गडी झटका आला की चालत सुटायचा तो दूर परदेशात जाऊन पोहोचायचा, आणि तिथे कसा आलो हे त्याला सांगता यायचं नाही. आता फ्यूग हा वेगळा आजार धरत नाहीत. डिसोसिएटिव्ह विस्मरणाचा एक प्रकार म्हणून नोंदवतात.

यात जाते ती स्वतःच्या आयुष्याची आठवण: नाव, घर, तो ठराविक काळ. सायकल चालवणं, पैसे मोजणं, कन्नड पाटी वाचणं शाबूत राहतं. डॉक्टर आधी बाकीच्या शक्यता काढून टाकतात: डोक्याला मार, फिट, दारूच्या नशेतलं विस्मरण, साखर कमी होणं, वय जास्त असेल तर स्मृतिभ्रंश. मग आदल्या आठवड्यात काय घडलं ते विचारतात. कर्ज, अब्रू, नोकरी, घरातला मृत्यू, यांतलं काहीतरी पुष्कळदा निघतं. घरच्यांनी पोलिसांसारखी उलटतपासणी घेऊ नये. काकांना हळूहळू आठवेल. आठवलं की नंतर खचतातही, तेव्हा त्यांना एकटं ठेवू नका.

माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबायचा नियम नाही. लगेच तक्रार द्या, आणि आपल्या भागात ती फक्त कर्नाटकातल्या ठाण्यात देऊन बसू नका. माणूस रेल्वेने काही तासांत महाराष्ट्रात पोहोचतो. मिरज, कोल्हापूरच्या रेल्वे पोलिसांनाही फोटो पाठवा.

५. बहिणीला आठवड्यातून तीनदा फिट येते. ईईजी नॉर्मल. डॉक्टर म्हणतात 'मानसिक'. गोळ्या बंद करू का?

गोळ्या स्वतःहून बंद करू नका. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर मिरगीची, धोक्याची फिट येऊ शकते. आणि काही जणांना दोन्ही प्रकारच्या फिट असतात, मिरगीच्याही आणि डिसोसिएटिव्हही.

नॉर्मल ईईजीवरून निकाल लागत नाही. तो मेंदूच्या विद्युतलहरींचा अर्धा-पाऊण तासाचा कागद. त्या वेळेत फिट आली नाही तर मिरगी असूनही नॉर्मल येतो. खात्रीची तपासणी म्हणजे व्हिडिओ ईईजी: रुग्णाला दाखल करून, कॅमेरा आणि तारा लावून, फिट येईपर्यंत वाट बघायची. फिट आली आणि मेंदूच्या विद्युतलहरी त्या वेळीही नेहमीच्याच राहिल्या, तर डिसोसिएटिव्ह फिट म्हणायला आधार मिळतो. ही सोय सगळीकडे नाही. म्हणून तुमच्या खिशातला मोबाइल उपयोगी पडतो. फिट आली की एकाने तिला कुशीवर वळवायचं, दुसऱ्याने चित्रण करायचं: आधी चेहरा, मग पूर्ण अंग, थांबेपर्यंत. लाज वाटते, कळतं मला. पण डॉक्टरला तुमच्या 'लई जोरात आली'पेक्षा त्या दोन मिनिटांतून जास्त कळतं.

ते काय बघतात? मिरगीत डोळे बहुधा उघडे असतात, झटका एक-दोन मिनिटांत संपतो, जिभेची कड चावली जाते, नंतर माणूस गुंगीत जातो. डिसोसिएटिव्ह फिटमध्ये डोळे घट्ट मिटलेले, डोकं दोन्ही बाजूंना हलतं, झटके कमी-जास्त होत लांबतात. पण एकट्या खुणेवर कुणी निदान करत नाही, तुम्हीही करू नका. पाच मिनिटांवर चालली तर कुठल्याही प्रकारची असो, दवाखान्यात न्या. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काही लागत नाही. तोंडात चमचा तर अजिबात नको.

६. मग मानसिक म्हणजे नाटकच ना?

नव्हे. नाटक करणाऱ्याला आपण करतोय हे माहीत असतं. इथे शरीर करतं आणि माणूस बघत राहतो. तपासताना ते दिसतंही: लुळा पडलेला पाय 'दाबा' म्हटलं तर दाबता येत नाही, पण दुसरा पाय उचलायला लावला की हाच पाय आपोआप पलंगावर दाब देतो. हूवर नावाच्या डॉक्टरच्या नावाने ही खूण ओळखतात. रुग्णाची चोरी पकडायला ही युक्ती नाही. ताकद आहे, तिच्यापर्यंतची वाट अडली आहे, एवढं तिच्यातून कळतं. काही डॉक्टर ती रुग्णालाच करून दाखवतात, आणि 'म्हणजे पाय मेलेला नाही!' हे समजल्याने काहींना खरोखर बरं वाटतं.

७. आमच्या आजीच्या अंगात वारं येतं. सौंदत्तीच्या यात्रेला हमखास. तिला हा आजार आहे म्हणता?

मी कशाला म्हणू! आयसीडी-११ देखील म्हणत नाही. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक रिवाजाचा भाग म्हणून जे येतं, ज्याने त्या माणसाला त्रास नाही, त्याला आजार म्हणू नये असं तिथे स्पष्ट आहे. आजीचं वारं यल्लम्माच्या डोंगरावर हलगी वाजली की येतं, आरतीनंतर जातं, आणि आजी उठून भाकऱ्या थापायला बसते. यात निदान करण्यासारखं काही नाही.

८. वहिनीच्या अंगात मात्र कधीही येतं, घरी, स्वयंपाक करता करता. आणि ती मराठी घरातली असून कन्नडमध्ये बोलते! हे बाहेरचंच ना?

या भागातून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आधी कन्नडचं. बेळगावात वाढलेल्या माणसाच्या कानावर जन्मापासून कन्नड पडतं: बसचा कंडक्टर, भाजीबाजार, शेजारची अज्जी, शाळेतला सक्तीचा विषय. बोलता येत नाही म्हणणाऱ्यालाही भांडण पूर्ण कळतं. तेव्हा वहिनी कन्नड बोलली यात चमत्कार नाही. ती जपानी बोलली असती तर मीही बघायला आले असते. खरं विचारायचं ते हे, की ती कन्नडमध्ये बोलते काय? एका घरी 'देव्व', म्हणजे भूत, आलं की म्हणायचं, हिला जेवायला घाला, हिला माहेरी पाठवा. सासूबाई त्या आवाजाला हात जोडायच्या. तेच वाक्य सुनेने मराठीत, स्वतःच्या तोंडाने, त्या घरात उच्चारलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा. म्हणून ती मुद्दाम करते असं मात्र नाही. प्रश्न ६ पाहा.

आता निदान. आपली ओळख जाऊन देवी, मृत नातेवाईक, भूत असं दुसरं कुणी ताबा घेतं, त्याला पझेशन ट्रान्स म्हणतात. ओळख तीच राहते पण भान आकसतं, नजर एकटक लागते, त्याच त्या हालचाली होत राहतात, ती नुसती ट्रान्स. आजार म्हणायला ते इच्छेविरुद्ध हवं, पुन्हा पुन्हा हवं (एकदाच आलं असेल तर किमान काही दिवस टिकलेलं), रिवाजाबाहेरचं हवं आणि त्याने संसारात त्रास व्हायला हवा. आजी आणि वहिनी यांच्यात फरक आहे तो इथे. दारू, फिट, ताप, झोपेतले आजारही तपासून वगळावे लागतात. आणि बाळंतपण नुकतंच झालं असेल तर एक दिवसही थांबू नका. बाळंतिणीचं अचानक बदललेलं वागणं ही वेगळी, तातडीची गोष्ट असू शकते.

९. देवऋषीकडे चालू आहे. डॉक्टरांकडेही नेलं तर चालेल?

चालेल. अंगारा लावल्याने गोळीचा गुण जात नाही, आणि देव सोडा म्हणून मी कुणाला सांगत नाही. सीमा एवढीच: मारणं, बांधणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, चालू औषध बंद करायला लावणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा आपल्याकडे गुन्हा आहे. महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा, कर्नाटकाचा २०१७ चा, आणि तो जानेवारी २०२० पासून अमलात आहे. निपाणीच्या अलीकडे गुन्हा आणि पलीकडे माफ असं काही नाही.

१०. भाऊ साध्या प्रश्नाला मुद्दाम चुकीचं उत्तर देतो. गाईला पाय किती? तर पाच.

गान्सर सिंड्रोम म्हणून एक अतिशय दुर्मीळ प्रकार आहे. जर्मनीतल्या गान्सर या डॉक्टरने १८९८ मध्ये कैद्यांवरून तो वर्णिला. उत्तर चुकतं, पण 'जवळून' चुकतं: पाच म्हणणाऱ्याला प्रश्न कळलेला असतो. त्या नावाच्या मागे लागण्याआधी डोक्याला मार, ताप, नशा, स्मृतिभ्रंश हे तपासा. प्रत्यक्षात बहुधा त्यांतलंच काही निघतं.

११. दोन दिवस बोलत नाही, हलत नाही, पाणीही पीत नाही. डिसोसिएशनच असेल ना?

इथे वाचत बसू नका. दवाखान्यात न्या, आज. डिसोसिएटिव्ह स्टुपर (सुन्न, निश्चल होणं) असू शकतो, कॅटाटोनिया (अंग गोठून जाणं) असू शकतो, मेंदूज्वर असू शकतो. बाहेरून तिन्ही सारखे दिसतात.

१२. निदानासाठी रक्ततपासणी कुठली? एमआरआयमध्ये दिसतं का?

दिसत नाही. रक्त, एमआरआय, ईईजी या तपासण्या दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी. निदान होतं ते बोलण्यातून. डीईएस नावाची २८ प्रश्नांची एक यादी १९८६ पासून वापरात आहे. 'अमुक अनुभव शंभरात किती वेळा येतो' अशी ती उत्तरं. सरासरी तीसच्या वर गेली तर पुढे खोलात विचारायचं, एवढाच तिचा अर्थ. इंटरनेटवर भरून 'मला ४२ आले' म्हणून घाबरून लिहिणाऱ्यांनो, ती चाळणी आहे, निकाल नव्हे. निकालासाठी जाणकार माणसाची लांब, ठरावीक पद्धतीची मुलाखत लागते, आणि ती पाच मिनिटांच्या ओपीडीत होत नाही. दोन-तीन खेपा धरून चला. घरातलं एक माणूस सोबत असावं, पण काही वेळ रुग्णाला डॉक्टरशी एकटं बोलू द्या. सासू खुर्चीवर बसून असताना सून काय सांगणार?

१३. डॉक्टर कन्नड बोलतात, आई मराठी. निदानात फरक पडतो?

इतर कुठल्याही आजारापेक्षा इथे जास्त पडतो, कारण सगळं निदानच शब्दांवर उभं. आई म्हणते, ''मला चक्कर आली.'' बरोबरचा मुलगा सांगतो, 'तली तिरगतद.' कागदावर इंग्रजीत गरगरणं लिहिलं जातं आणि कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळते. आईला म्हणायचं होतं, भान गेलं. 'भान नव्हतं' आणि 'शुद्ध नव्हती' हेही एक नव्हे: पहिल्यात माणूस उभा असतो, दुसऱ्यात पडलेला. म्हणून शब्द सांगू नका, प्रसंग सांगा. उभी होतीस की पडलीस? हाक ऐकू येत होती का? नंतर आठवलं का? घरून निघताना एका कागदावर मागचे तीन प्रसंग, तारीख आणि वेळ घालून, लिहून न्या.

१४. केसपेपरवर 'एफ ४४.५' लिहिलंय. हे काय?

जुन्या यादीतला, आयसीडी-१० चा आकडा. अजून सर्रास लिहितात. एफ ४४ म्हणजे डिसोसिएटिव्ह विकार. पुढे .० विस्मरण, .१ फ्यूग, .२ स्टुपर, .३ तंद्री आणि अंगात येणं, .५ फिट. डिपर्सनलायझेशन या घरात नाही, ते एफ ४८.१. 'इतर' किंवा 'अंशतः' असं लिहिलं असेल तर डॉक्टरला कळलं नाही असं समजू नका. अंशतः प्रकारात दुसरी ओळख मधे मधे डोकावते, पण पूर्ण ताबा क्वचितच घेते. तो नव्या यादीत स्वतंत्र नावाने आहे.

१५. आवाज ऐकू येतात म्हणून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू होत्या. आता म्हणतात तो आजार नाही. कोण खरं?

आवाज दोन्हीकडे असू शकतात, म्हणून गोंधळ होतो. डिसोसिएशनमध्ये सोबत आठवणीतली भगदाडं असतात: स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी सापडते, लिहिल्याचं आठवत नाही. ठाम भ्रम बहुधा नसतात (प्रश्न ३ मधला 'जणू' आठवा). निदान बदलणं म्हणजे फसवणूक नव्हे. जुने कागद फाडू नका, सगळे न्या.

१६. म्हणजे लहानपणी काहीतरी वाईट झालं असणारच?

असणारच असं नाही. पुष्कळांच्या इतिहासात अत्याचार, मारहाण, दुर्लक्ष सापडतं, विशेषतः एकाहून अधिक ओळखींच्या आजारात. काहींच्या बाबतीत ताजा ताण पुरतो. पण संमोहनाने 'दडलेली आठवण' खणून काढतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अशा वेळी न घडलेलंही आठवल्यासारखं होतं, आणि मग घरंच्या घरं मोडतात.

१७. उपचार कुठे? आणि धारवाडला नेलं तर गाव काय म्हणेल?

मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन आणि मानसोपचार. डिसोसिएशनवर खास अशी गोळी नाही. सोबतची उदासी, भीती, झोप यांसाठी गोळ्या देतात. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. अवघड केस धारवाडच्या डिमहान्सला किंवा बेंगळुरूच्या निमहान्सला, म्हणजे मनाच्या आजारांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, पाठवतात. अथणी, कागवाडकडची मंडळी मिरजेलाही जातात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. फोन लागला की आधी भाषा सांगा.

'याला धारवाडला न्या' ही आपल्याकडची जुनी चेष्टा आहे, ठाऊक आहे. तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहिल्यावर मागून 'अय्या, तुम्हीपण?' असं शेजारच्या गल्लीतलं कुणीतरी म्हणतं, असं मला एकीने हसत सांगितलं होतं.

१८. मुलीचं लग्न ठरवतोय. हे रेकॉर्डवर राहील का? पाहुण्यांना कळेल?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे तिच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. पाहुण्यांनी चौकशी केली तरी ती देता येत नाही. सांगायचं की नाही, कुणाला, किती, हे मुलीला विचारून ठरवा. हा प्रश्न मला आजवर वडिलांनी विचारलाय, मामांनी विचारलाय, एकदा तर लग्न जमवणाऱ्यानेच विचारला. मुलीने अजून एकदाही नाही. तिचा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या क्रमांकाचा असतो.